दाराकडे पाठ

बिश्केक, ९ जून

प्रिय अनिपा,

सलाम. एस्तेबेसची गाडी उद्या घोडीच्या दुधाच्या किमिझचे रिकामे डबे घेऊन वर निघतेय, म्हणून घाईत लिहिते. तुझा अक्तान मजेत आहे. जेवतो, झोपतो आणि माझ्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालता खालच्या मजल्यावरच्या बाईला आंघोळ घालतो. तुझा आणि मामंजींचा जीव टांगणीला लागला असेल म्हणून हे आधी सांगून टाकलं.

आता कामाचं. त्याच्या कानामागचं यंत्र परवा सुरू केलं. त्याला शिकवणाऱ्या रईसा बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की ऑपरेशन झालं म्हणजे ऐकू आलं असं नसतं. सध्या त्याला सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येतात. रोज ऐकून ऐकून त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढायला तो शिकेल. उन्हाळाभर यंत्र कानावर राहिलं तर सप्टेंबरात तो चुलत भावंडांबरोबर साध्या शाळेत बसेल. नाही राहिलं तर मुक्या-बहिऱ्यांच्या वसतिगृहात ठेवावं लागेल. "सगळ्यात आधी आईचा आवाज हवा," त्या म्हणाल्या. तापात कान जाण्याआधी चार वर्षं त्यानं तोच ऐकलाय, तोच आधी ओळखेल.

मी म्हटलं, बाई, त्याची आई सोंग-कोलच्या कुरणावर घोड्यांच्या धारा काढते. नवरा रशियात नोवोसिबिर्स्कला भिंती बांधतोय, युर्तच्या तंबूत म्हातारे सासरे, आणि फोनला रेंज म्हणाल तर घोड्यावर बसून दिवसभर हिंडलं तरी नाही. त्या म्हणाल्या, मग व्हिडिओ पाठवा.

तेव्हा सोबत दोन मेमरी कार्डं आहेत. एक भरलं की एस्तेबेसकडे दे आणि दुसरं घाल. तोंड दिसलं पाहिजे आणि आवाज मोठा पाहिजे. बास.

तुझी जाऊ,
बुरमाकान


सोंग-कोल, १६ जून

आदरणीय जाऊबाई,

आपलं पत्र मिळालं. इथे माणसं आणि जनावरं सुखरूप आहेत. मामंजींचा गुडघा दुखतो, बाकी ठीक. आपल्या सांगण्याप्रमाणे व्हिडिओ केले आहेत. चुकलं असल्यास माफी असावी.

अक्तानसाठी वाळवलेल्या दह्याचे कुरुत पाठवले आहेत. लहान गोळे त्याचे, मोठे आपले.

जाऊबाई, मला हे जमेलसं वाटत नाही. फोन समोर आला की जीभ टाळूला चिकटते. आपण टीव्हीत होतात, आपल्याला सवय आहे. मी कधी चार माणसांतही बोललेली नाही. दुसरा काही उपाय असेल तर बाईंना विचाराल का?

आपली,
अनिपा


बिश्केक, २४ जून

प्रिय अनिपा,

अगं बाई, तू मुलाला भेटायला आली होतीस की सीमेवर पासपोर्ट दाखवायला? मखमलीचं जाकीट, कोरा रुमाल, हात दोन्ही बाजूंना ताठ, आणि तोंडातून चकार शब्द नाही. अक्तान पडद्याला बोट लावून बघत होता, फोटो आहे की काय म्हणून. शेवटी तुझी पापणी लवली तेव्हा त्याची खात्री पटली.

दुसऱ्यात बोललीस, पण काय बोललीस! "आपली प्रकृती कशी आहे? आपली गुरंढोरं कुशल आहेत ना?" सहा वर्षांच्या पोराला? त्याच्याकडे जनावर म्हणशील तर बरणीतली एक गोगलगाय आहे. ती कुशल आहे.

रागावू नकोस. आधी हसले, मग तुझा थरथरणारा ओठ दिसला आणि फोन खाली ठेवला.

मी टीव्हीत होते हे खरं, पण मी अंधाऱ्या खोलीत बसून फिती कापायची आणि जोडायची. कॅमेऱ्यापुढे मलाही उभं करू नका. मात्र तिथे बसणाऱ्यांना मी जवळून बघितलंय. एक मुलगी बातम्या वाचायला आली, तर कागद थरथरायचा, घोटभर पाणी प्यायली तरी पेला दातांवर वाजायचा. तिच्या चुका कापून कापून माझी बोटं दुखायची. पुढे सगळा देश तिच्या तोंडून बातम्या ऐकायला लागला. धीर तिला कुणी दिला नाही. ती रोज येऊन बसली, एवढंच. बसता बसता भीतीच कंटाळून निघून गेली.

म्हणून रोज बस. मन लागो न लागो, बस. केलेला व्हिडिओ परत बघायचा नाही आणि पुसायचा तर मुळीच नाही. बघितलास की तुला तुझं नाक मोठं दिसेल आणि उद्या तू बसणार नाहीस. नाक मी बघीन. आणि रिकाम्या हातांनी बसू नकोस. कणीक मळ, साय ढवळ, काहीही कर, पण करता करता त्याच्याशी बोल.

बुरमाकान


सोंग-कोल, ४ जुलै

प्रिय जाऊबाई,

रोज बसते. सकाळच्या धारा झाल्या की बसते, पाऊस असला तरी बसते. बघत नाही, पुसत नाही. काल कणकेचे बोर्सोक तळता तळता बोलले, तर दोन करपले आणि मला कळलंच नाही. म्हणजे थोडं जमत असेल.

फोन मी दारासमोरच्या मानाच्या जागी, रजयांच्या चवडीवर टेकवते. मी दाराजवळ, चुलीशी, माझ्या नेहमीच्या जागी बसते. छताच्या भोकातून उजेड तिथेच पडतो. अडचण एकच आहे. फोन ठेवते ती मानाची जागा मामंजींची. ते तिथे बसलेले असतात आणि मी फोन हातात घेतला, की काही न बोलता टोपी घालतात आणि बाहेर निघून जातात. मी थांबले की थोड्या वेळानं परत येतात. तेव्हाही काही बोलत नाहीत. त्यांना हे आवडत नाही हे मला दिसतं. या घरात सुनेनं कधी आवाज चढवलेला नाही. आपण शहरात होतात, आपलं वेगळं. मला सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चुलीवरच्या किटलीपेक्षा सुनेचा आवाज मोठा नसावा.

आणखी एक विचारते. आपण लिहिता की तो जेवतो, झोपतो, कुंड्यांना पाणी घालतो. यंत्र कानावर ठेवतो, असं आपण एकदाही लिहिलेलं नाही.

अनिपा


बिश्केक, १२ जुलै

अनिपा,

पकडलंस मला. लपवलं, कारण तू तिथून काय करणार होतीस?

ठेवत नाही. लावलं की ओरबाडून काढतो. एकदा कुंडीतल्या मातीत पुरलं, एकदा रश्श्याच्या पातेल्यात टाकणार तोच मी हात धरला. तुझे व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा बघतो, यंत्र काढून ठेवून. आणि त्याला दोष काय देऊ? तू मान खाली घालून बोलतेस, हसू आलं की हात तोंडावर जातो, आवाज कणकेशी बोलल्यासारखा. ऐकण्यासारखं काही असेल तर तो यंत्र लावील ना! फोनच्या जागी तुला मामंजी दिसतात, म्हणून डोळे वर येत नाहीत. ते बाहेर गेले तरी तुझ्यासाठी ते तिथेच बसलेले असतात.

असं कर, तूच बाहेर जा. घोड्यांपाशी तरी तुला कुणाची लाज वाटत नसेल.

बुरमाकान


सोंग-कोल, २२ जुलै

प्रिय जाऊबाई,

आपलं पत्र वाचून रात्रभर झोप नव्हती. सकाळी फोन धारेच्या बादलीवर टेकवला आणि बसले. सांगायला लाज वाटते, पण आपणच बघा. करड्या घोडीनं शिंगरू जवळ येऊ दिलं नाही, मला लाथ मारली, अर्धी बादली सांडली. मग मी फोन विसरले. "अगं भवाने, तुझ्या बापानं आणून दिलंय का हे दूध? उभी राहा सरळ, नाहीतर तुझं सॉसेज करून नातेवाइकांना वाटीन!" असं बरंच काही बोलले. शेजारच्या युर्तमधल्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. एस्तेबेस म्हणतो, मला खिंडीपर्यंत ऐकू आलं.

हे त्याला दाखवू नका. आईनं असं बोलणं बरं नाही.

अनिपा


बिश्केक, ३० जुलै

अगं माझे बाई,

दाखवलं! अर्थात दाखवलं. घोडीनं लाथ मारली आणि तू तोंड उघडलंस, तसा तो गादीवर गडाबडा लोळायला लागला. तू काय बोलतेयस ते कळेना, म्हणून माझा हात ओढून ड्रॉवरपाशी नेलं. यंत्र काढून मागितलं, अनिपा. स्वतःहून. ते लावून त्यानं तीच शिवीगाळ दिवसभर बघितली. गाल दुखेपर्यंत हसला.

रईसा बाईही हसल्या, पण म्हणाल्या, बाहेर वारा फार आहे. त्याच्या यंत्रात तुझ्या आवाजापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त येतो. शिवाय घोडीशी नव्हे, त्याच्याशी बोल. आत, शांत जागी, फोनजवळ, त्याच्या डोळ्यांत बघून. आवाज मात्र हाच.

तेव्हा परत चुलीपाशी बस. मामंजी रागावले तर रागावू देत. मी त्यांना लिहू का?

बुरमाकान


सोंग-कोल, ९ ऑगस्ट

प्रिय जाऊबाई,

त्यांना लिहू नका. हे शेवटचं कार्ड समजा.

परवा गारांचा पाऊस आला, नंतर ओला बर्फ. मी फोन रजयांवर ठेवला, तशी मामंजींनी टोपी घातली. मी म्हटलं, "मामंजी, आज राहू दे, मी नंतर करीन." ते म्हणाले, "तुझं तू चालू दे." आणि गेले. अशा थंडीत, तो गुडघा घेऊन. मी बोलले, कारण रोज बोलायचं असं ठरलंय. पण अर्धं लक्ष बाहेर होतं. परत आले तेव्हा मिशीवर बर्फ होता आणि हात इतके गारठलेले की चहाचा पियाला धरता येईना.

माझा मुलगा तिकडे आहे हे खरं. पण माझ्या आवाजापायी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरातून बर्फात जावं लागतं, हे मला सोसवत नाही. नवरा इथे नाही, मी त्यांना सांभाळायला आहे, घराबाहेर काढायला नाही. अक्तानला सांगा, आई सप्टेंबरात येईल. तोवर तुम्हीच त्याच्याशी बोला.

मला माफ करा. मी खूप रडले आणि मग ठरवलं.

अनिपा


बिश्केक, १५ ऑगस्ट

अनिपा,

हे पत्र वाचून होईपर्यंत दुसरं कुठलंही काम करू नकोस. घोड्या थांबतील.

तुझं कार्ड मी लावलं. तू दाराकडे पाठ करून बसतेस. दाराचा पडदा वर बांधलेला असतो. उन्हाच्या दिवशी तुझ्या मागे बाहेरचं सगळं नुसतं पांढरं दिसतं, कारण फोन तुझा चेहरा नीट दाखवायला बघतो आणि बाहेरचा उजेड त्याला झेपत नाही. त्या गारांच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, म्हणून पहिल्यांदाच बाहेरचं दिसलं.

बाहेर मामंजी बसले आहेत. दारापासून दोन हातांवर, खोगिरावर, डोक्यावरून कातड्याचा कोट घेऊन. मांडीत कुत्रं आहे. कुत्र्याचं तोंड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. तू बोलायला लागलीस की धरतात, तू थांबलीस की सोडतात. मध्येच कुणीतरी घोडेस्वार आला, तो हाक मारणार एवढ्यात मामंजींनी त्याला हातानं असं काही हाकललं की तो बिचारा घोडा वळवूनच गेला. मग त्यांनी मान तुझ्याकडे वळवली, टोपी कानावरून मागे सारली आणि ऐकत बसले. हसत होते गं ते.

मी मागची सगळी कार्डं पुन्हा लावली आणि चित्र काळं करून करून बघितली. पांढऱ्यातून टोपी निघाली. प्रत्येक वेळी, दाराच्या त्याच कडेला. आयुष्यभर चित्रं बघायचं काम केलं आणि तुझ्या नाकापलीकडे मला काही दिसलं नाही.

राग नव्हता तो. तुला जागा करून देत होते.

आता तू काय करायचं ते तुला सांगायला मी नको.

बुरमाकान


सोंग-कोल, २४ ऑगस्ट

जाऊबाई,

पत्र दोनदा वाचलं. मग चहा केला, मामंजींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "मामंजी, आज बाहेर जाऊ नका. आत बसा."

"का? आभाळ तर चांगलंय."

"कुत्र्याला मी गप्प करीन."

त्यांनी पियाला हातात घेतला. मग म्हणाले, "थोरलीनं चहाडी केली वाटतं."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलो? अगं वेडे, मी इथे बसलो की तुझा आवाज चुलीखाली जाऊन लपतो. म्हटलं, पोराला आईचा आवाज हवाय, तर म्हाताऱ्यानं उठावं. गुडघ्याचं काय, तो आत बसूनही दुखतो." मग चहा पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, "तू या घरात आलीस त्याला किती वर्षं झाली! 'चहा घ्या' आणि 'जेवण झालं' यापलीकडे तुझा आवाज मला माहीत नव्हता. या उन्हाळ्यात दाराबाहेर बसून ऐकला. चांगला आवाज आहे. थोडा गडगडाटी आहे, पण चांगला आहे."

मी त्यांचा पियाला पुन्हा भरला.

"बरं, आता पोराला हाक मार. पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढराला मारतात तशी. मी इथेच बसतो. आधी मला ऐकू आली पाहिजे, मी त्याच्यापेक्षा म्हातारा आहे."

फोन त्यांच्या शेजारी रजयांवर होता. मी आधी त्यांच्याकडे बघितलं, सरळ, आणि मग फोनच्या काचेकडे. आणि हाक मारली. जाऊबाई, इतकी मोठी हाक मी या घराच्या छपराखाली कधी मारली नव्हती. कुत्रं भुंकायला लागलं. मामंजी म्हणाले, "भुंकू दे, तू मार." मग मी त्याला सगळं सांगितलं. शिंगरू केवढं झालंय, तळ्यावर हंस आलेत, आजोबा त्याच्यासाठी चाबूक विणतायत, आणि मी त्याच्याशिवाय कशी राहते ते. मामंजी डोळे पुसत होते आणि मधूनमधून "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणत होते. माझे हात कुठे होते आठवत नाही. तोंडावर नव्हते एवढं नक्की.

नंतर तुमचा नियम मोडला आणि व्हिडिओ बघितला. माझं नाक खरंच मोठं आहे. असू दे.

अनिपा


बिश्केक, २ सप्टेंबर

अनिपा,

काल दुपारी तुझं कार्ड आलं. आधी मला एकटीला बघायचं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात फोन लावला. अक्तान आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मोटारी ओळीनं मांडत होता. यंत्र कानावर होतं, हल्ली असतंच. त्याला फोन दिसत नव्हता, मीही दिसत नव्हते. कुणाचे ओठ दिसत नव्हते.

तू हाक मारलीस, "अक्तान! ये रे, माझ्या कोकरा, ये!"

माझ्या हातातला चमचा पडला. आतला मोटारींचा आवाज थांबला.

मग तो धावत आला. माझ्याकडे नाही, फोनकडेही नाही. सरळ बाहेरच्या दाराशी गेला, टाचा उंचावून कडी काढली आणि जिन्यात बघायला लागला. इकडे तू पुन्हा हाक मारलीस, तसा तो जिन्यात तोंड करून ओरडला, "आई!" दोन वर्षांनी, अनिपा. शब्द वाकडातिकडा होता, पण तोच होता. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली आणि पायरीवरच बसली.

मी त्याला फोन नेऊन दाखवला. म्हटलं, बघ, आई यात आहे. त्यानं तुला बघितलं, तुझ्या तोंडाला बोट लावलं, मग फोन माझ्याकडे परत दिला आणि पुन्हा जिन्याकडे बघत उभा राहिला.

रईसा बाईंना लगेच कळवलं. त्या म्हणाल्या, वर्गात बसवा. तो प्रश्न सुटला. पण त्याला आता फोनमधली आई पुरत नाही, आणि ते तुझ्याच आवाजानं केलंय, तेव्हा निस्तरही तूच. एस्तेबेसच्या बायकोशी बोलले आहे. ती या गाडीनं वर येतेय, कुरणावरून सगळ्यांची खाली उतरायची वेळ येईपर्यंत ती घोड्यांच्या धारा काढेल, मामंजींचंही बघेल. तू याच गाडीनं खाली ये. कपडे बांधत बसू नकोस.

आज उठल्याबरोबर त्यानं यंत्र लावलं आणि जाऊन दार उघडलं. मी बंद करायला गेले तर माझा हात धरला. आता दार सताड उघडं आहे, घरभर वारा भरलाय आणि तो उंबऱ्यावर बसून खालून येणारं प्रत्येक पाऊल ऐकतोय.

बुरमाकान